वेटिंग लिस्टमध्ये नसलेली बाई

दत्तकाचा विषय निघाला की आपल्याकडे एकच रड, वेटिंग केवढं ते! माझी चुलत बहीण आणि तिचा नवरा फोंड्याला असतात, कारा-च्या (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नाव घालून बसलेत, आणि चवथीला सगळे जमले की कुणीतरी म्हणतंच, देशात एवढी अनाथ पोरं आणि एक मूल द्यायला सरकारला तीन-चार वर्षं कशाला लागतात. त्यांचा त्रास खोटा नाही, रांगेत तीस हजारांवर नावं आणि वर्षाला कायदेशीर दत्तक जातात साधारण चार-साडेचार हजार मुलं. पण ते मूल येतं कुठून हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर एखादी मावशी हळूच, "जात कळते काय गो?"

२०१५ च्या जेजे अ‍ॅक्टप्रमाणे (ज्युवेनाइल जस्टिस, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचा कायदा) आईला मूल सोपवायचं असेल तर बाल कल्याण समितीसमोर सही करावी लागते, आणि सहीनंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात, तेवढ्यात ती मूल परत घेऊ शकते. रांगेतल्यांना हा फुकटचा उशीर वाटतो. मला वाटतं अख्ख्या प्रोसेसमध्ये तिच्या हातात असलेली ही एकच गोष्ट आहे, तिला हात लावू नका. वेळ वाचवायचा तर फायली टेबलावर पडून राहतात तिथला वाचवा ना. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाची ऑर्डर कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, तो बदल त्यासाठीच होता.

आणि ते दोन महिने तरी खरे असतात का? गोव्यात अशी बाई म्हणजे समजा झारखंडहून नाहीतर उत्तर कर्नाटकातून साइटवर कामाला आलेली पोरगी, पुरुष पळालेला, खोलीवाला बाहेर हो म्हणतोय, कोकणी-मराठी धड येत नाही. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत अडचणीतल्या कुटुंबाला मूल घरातच वाढावं म्हणून महिना ४००० रुपये स्पॉन्सरशिप मिळू शकते, हे तिला सहीच्या आधी, तिच्या भाषेत, कोण सांगणार? तिचं समुपदेशन जी संस्था करते तीच बऱ्याचदा पुढे मूल दत्तक देते. माणसं कितीही चांगली असोत, हे बरोबर नाही. सांगणारी व्यक्ती संस्थेबाहेरची हवी. पुण्याच्या प्रीत मंदिर या दत्तक संस्थेवरची २०१० ची सीबीआय केस आठवून बघा, गरीब आईबापांकडून फसवून मुलं घेऊन पैशासाठी परदेशी दत्तक दिल्याचे आरोप होते. आणि आईबापांवर दबाव नको हे तर सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच, एका वकिलाने पाठवलेल्या पत्रावरून, लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सांगून ठेवलंय.

जुन्या दत्तकात (ते इस्टेटीसाठी आणि पिंडासाठी असायचं, पोराच्या भल्यासाठी नव्हे, उगाच गोडवे नकोत) निदान एक होतं, मूल भावकीतलं, जन्म देणारी काकू शेजारच्याच घरात. पोराला माहीत असायचं. आता मात्र ती कागदावरच उरते, कधी तिथेही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर "दोन दिवसांची मुलगी, आईवडील वारले, दत्तक हवी असल्यास फोन करा" असले मेसेज फिरतात, २०२१ च्या कोविड लाटेत तर पाऊस पडला होता. पुढे ढकलू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. असं परस्पर मूल घेणं गुन्हा आहे, विकणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, हॉस्पिटलातला माणूस असेल तर सातपर्यंत.

शेवटची गोष्ट फाईलची. दत्तक गेलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की आपली मुळं शोधायला अर्ज करू शकतं, पण आईने नाव गुप्त ठेवा म्हटलं असेल तर आधी तिची संमती लागते. आणि ते बरोबरच आहे, तिचं घर-संसार झालेला असतो. फक्त बाळंतपणानंतर चार दिवसांनी घाबरून दिलेलं उत्तर जन्मभराचं का धरायचं? नंतर केव्हाही येऊन तिला ते बदलता यावं, हवं तर एखादं पत्र, घरातल्या आजारांची माहिती फाईलमध्ये ठेवता यावी, आणि यातलं काही करता येतं हे सही घेतानाच तिला सांगितलेलं असावं.