आमच्या घरात दोनदा घोळणा फुटला

मागच्या मे महिन्यात आमच्या धाकट्याचा घोळणा आठवड्यात चारदा फुटला. वय वर्षं सहा. पहिल्यांदा फुटला तो पहाटे, झोपेतच. अभ्र्यावरचा डाग बघून मी ओरडलेच. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लेकराला उताणं झोपवलं, टाळूवर तांब्याभर पाणी ओतलं आणि कांदा फोडून नाकाशी धरला. "उष्णता झाली, दुसरं काही नाही. आंबे किती हाणले त्यानं!" रक्त थांबलं. कांद्यानं थांबलं की आपसूक, हे तेव्हा कोण विचारतंय? चौथ्या वेळी मात्र उताणा असतानाच त्यानं भडाभडा रक्ताची उलटी केली आणि घरात रडारड सुरू झाली.

गाव जिंतूर तालुक्यातलं. ऊन चढायच्या आत पहिली एसटी धरून परभणीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. उलटीचं त्यांना काहीच वाटलं नाही. उताणं झोपवलं की नाकातलं रक्त घशातून पोटात उतरतं, पोटाला ते सोसत नाही, म्हणून उलटी. मग मला म्हणाल्या, "रक्त आलं की कुठं दाबता? दाखवा बरं." मी दोन डोळ्यांच्या मधे चिमटीत धरून दाखवलं. "अहो, तिथं हाड आहे. हाड दाबून काय होणार?" त्यांनी माझाच हात धरून खाली आणला. शेंड्याकडचा मऊ भाग, दोन्ही नाकपुड्या एकदम. लेकरू बसलेलं, मान जरा पुढं झुकलेली, श्वास तोंडानं, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं. मधेच सोडून बघायचं नाही. मी तर दर अर्ध्या मिनिटाला बघत होते, थांबलं का म्हणून.

कारणाचंही त्यांनी सविस्तर सांगितलं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर, अगदी पुढच्या बाजूला, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वरची त्वचा पातळ. लहान मुलांचा घोळणा बहुतेक वेळा तिथलाच. हवा कोरडी झाली, सर्दी झाली की तिथं खपली धरते, खाज सुटते. "बोट घालतोस का रे नाकात?" यानं जोरात मान हलवली, नाही म्हणून. बाईंनी त्याचा उजवा हात उलटा केला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या नखात तपकिरी रेघ होती.

मग विचारलं, घरात कूलर आहे का? आहे, पण कोरडा. आमच्याकडं उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येतो. टँकरचं पाणी कूलरच्या टाकीत कोण ओतणार? बेचाळीस डिग्रीतला तो भपकारा रात्रभर लेकराच्या तोंडावर, कारण कूलरसमोरची जागा लाडक्याची. बाईंनी ते ऐकून नुसता कपाळाला हात लावला.

अंगावर निळे-काळे डाग उठतात का, हिरड्यांतून रक्त येतं का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, एकाच नाकपुडीतून घाण वास येतो का, असंही विचारलं. वास येत असेल तर मुलानं आत हरभरा, मणी काहीतरी घातलेलं असतं म्हणे. रक्त तपासलं, प्लेटलेट नीट निघाल्या. मिठाच्या पाण्याचे थेंब, आत लावायला मलम, नखं कापणं, अंथरूण हलवणं. रक्तवाहिनी औषधानं जाळायची वेळ आली नाही. आंब्याचं मी विचारलंच. हसल्या. "खाऊ द्या हो."

दुसरी गोष्ट डिसेंबरातली, सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणते. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. बीपीची गोळी मात्र संपून चार दिवस झालेले. कापसाचे पैसे आले की आणू, असं चाललेलं. त्या संध्याकाळी नाकातून जरासं रक्त आलं, पुसलं, झालं. लेकराच्या वेळी अख्खी गल्ली गोळा झाली होती. मामांच्या वेळी कुणी चुलीपाशून उठलंसुद्धा नाही. मामा खाटेवर बसून नुसते गिळत होते. मी दहा-दहा मिनिटं दोनदा दाबलं. पुढून थांबलं, पण तोंड उघडायला लावलं तर घशातून लाल ओघळ चालूच. जवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. बीपी बघितलंच नाही, याचा मला अजून राग आहे. रात्री दोनला चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली.

शेजाऱ्यांच्या जीपनं परभणी गाठली. बीपी 190/110. रक्त नाकाच्या मागच्या बाजूनं येत होतं, तिथं बाहेरून दाबून उपयोग नसतो. बीपी वाढलं की थांबायला आणखी अवघड. नाकात पॅक, म्हणजे कापडाची लांब पट्टी, ठोसून भरला, तो दोन दिवस ठेवला. तोंडानं श्वास घेऊन जीभ लाकडासारखी झालेली, डोळ्यांतून सारखं पाणी. भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवली. आमच्या ह्यांनी घाबरून रक्त पातळ करायच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या, त्यावर डॉक्टर चांगलेच तापले. स्टेंट असताना त्या अशा थांबवायच्या नसतात. हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलूनच त्यांनी काय ते ठरवलं.

तिसऱ्या दिवशी पॅक काढला. निघता निघेना, फेट्यासारखा लांबच लांब. मग सूचना: वाकून ओझं उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, आठवडाभर तंबाखू तर नाहीच, आणि शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून द्यायची. मामांची शिंक एरवीच वेशीपर्यंत जाते. त्या रात्री वॉर्डात त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे तोंड उघडून शिंक दिली, तर पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले आणि विचारायला लागले, काय पडलं?