सावली नसलेली दुपार

कोकणातल्या सड्यांची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांची, पाच मोठी छायाचित्रे एका प्रदर्शनासाठी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा चार चित्रे मनाशी आधीच ठरली होती आणि पाचव्यासाठी मी राजापूर तालुक्यातील कशेळीचा सडा निवडला. तेथील कातळशिल्पात सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद अशी हत्तीची आकृती कोरलेली असून तिच्या पोटात जलचर आणि पशुपक्ष्यांच्या कितीतरी लहान आकृत्या आहेत. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातील जी कातळशिल्पे गेली, त्यांत कशेळीचाही समावेश आहे. मला मात्र शिल्पाची नोंद करायची नव्हती. आभाळाखाली पसरलेला कातळ आणि त्याच्या अंगावरची माणसाच्या हातची रेघ, हे दोन्ही एकाच भूदृश्यात यावेत, एवढीच इच्छा होती.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. या दिवसांत तेथे सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास मी पोहोचलो तेव्हा ट्रायपॉडच्या पायांची सावली पायांपाशीच गोळा झाली होती आणि समोरचा जांभा इतका सपाट, इतका फिकट दिसत होता की हत्तीची बाह्यरेषासुद्धा चालत चालत, पायाखाली शोधत जावे लागले. पोटातल्या आकृत्यांपैकी फार थोड्या ओळखता आल्या. मधली बरीच जागा मला कोरी वाटली. तेथेच ट्रायपॉड रोवून क्षितिजाकडे तोंड करून मी आठ-दहा छायाचित्रे घेतली, पडद्यावर पाहिली आणि ती सगळी निर्जीव आहेत हे मान्य केले. वीस वर्षांच्या सवयीने मी आभाळाची चौकट आखत होतो. जमीन माझ्यासाठी चित्राचा खालचा तिसरा हिस्सा, एवढीच उरली होती.

कातळ तापला होता. करवंदीच्या जाळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून काढलेले ते चार-पाच तास मला आजही त्या दिवसाचे मुख्य काम वाटतात. साडेचारनंतर उन्हाचा रंग बदलू लागला, पण रंगापेक्षा त्याचा कोन महत्त्वाचा होता. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर आला की कोणत्याही उंचवट्याची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाचपटींहून लांब पडते. मग दोन-तीन सेंटीमीटर खोल खोबणीची एक कड प्रकाश अडवते आणि खोबण तळापर्यंत काळी होते. पश्चिमेच्या उन्हाला आडव्या असलेल्या रेषा आधी उमटल्या, उन्हाच्या दिशेने धावणाऱ्या रेषा अखेरपर्यंत पुसटच राहिल्या. सहाच्या पुढे हत्तीची पाठ दिसली, मग पाय, आणि मग दुपारी मी कोऱ्या समजलेल्या जागेत एकामागून एक आकृत्या. ज्या गावात कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे देऊळ आहे, त्याच गावच्या सड्यावर उन्हानेच हे सारे वाचून दाखवावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

तेवढ्यात मी ट्रायपॉडकडे पाहिले. त्याचा एक पाय एका लहान आकृतीच्या रेषेत, बरोबर खोबणीत उभा होता. दुपारपासून तो तेथेच होता. टोकाला रबर असल्याने दगडाला ओरखडाही गेला नव्हता. तरीही मला अतिशय वाईट वाटले, कारण त्या जागी उभा राहूनच मी तेथे काही नाही असे ठरवले होते. पाय उचलला, बूट काढले आणि उपकरणे आकृतीच्या बाहेर नेऊन ठेवली. पुन्हा चौकट जुळवायची तर कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणावा लागणार होता आणि क्षितिज जवळजवळ वरच्या कडेला ढकलावे लागणार होते. ते जमेपर्यंत ऊन मावळून गेले आणि खोबणी पुन्हा दगडात मिसळल्या.

त्या संध्याकाळी चित्र मिळाले नाही. रात्री मी वहीत त्या आकृत्यांचा अंदाजे नकाशा काढला आणि सकाळच्या, विरुद्ध बाजूने येणाऱ्या उन्हात कोणत्या रेषांची कुठली कड काळी होईल, त्याच्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी सड्यावर पोहोचलो. ट्रायपॉड पिशवीतच ठेवून अनवाणी पायांनी हत्तीच्या बाहेरून एक पूर्ण फेरी मारली आणि मग ऊन येण्याची वाट पाहत बसलो.