हो की नाही, एवढंच सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून. मी न्यू जर्सीत इतिहास शिकवतो हे कळलं की मंडळाच्या गणपतीत कुणीतरी प्रसादाच्या रांगेतच गाठतं: "सुरुवातीची अमेरिका खरंच लोकशाही होती का हो? हो की नाही, एवढंच सांगा." १७८७ला फिलाडेल्फियात बंद दारांआड लिहिलेली देशाची घटना, तिच्यात राज्यांच्या जागा ठरवताना एक गुलाम म्हणजे तीन-पंचमांश माणूस अशी मोजणी, हे तुम्हाला पाठ असतंच. ते परत उगाळत नाही. आपण राहतो तिथलंच सांगतो.

न्यू जर्सीच्या १७७६च्या घटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या प्रत्येक रहिवाशाला मत दिलं. बाई की पुरुष, काळा की गोरा, हे विचारलंच नाही. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरत, त्यामुळे ती बाहेरच. पण विधवा, अविवाहित बायका आणि काही स्वतंत्र कृष्णवर्णीय खरोखर मतदान करत होते.

मग १८०७ उजाडलं. एसेक्स काउंटीचं कोर्ट न्यूअर्कला बांधायचं की एलिझाबेथटाउनला, यावर मतदान झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन्ही गावं इरेला पेटली! मतदार होते त्याहून जास्त मतं पडली. पुरुष लुगडी, म्हणजे तिकडचे झगे, नेसून पुन्हा मत देऊन गेले असा बोभाटा झाला. न्यूअर्क जिंकलं, पण विधिमंडळाने निकालच रद्द केला. त्याच वर्षी नवा कायदा आला: मत फक्त स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकांना. गैरप्रकार केले पुरुषांनीही, हक्क मात्र गेला बायकांचा आणि काळ्यांचा. राज्याची शांतता आणि प्रतिष्ठा जपण्यासाठी हे करतोय, असं कायद्यातच लिहिलं होतं.

आणि त्याच कायद्याने कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषाला पन्नास पौंडांच्या अटीतून मोकळं केलं. म्हणजे गरीब गोरा आत, पैसेवाली विधवा बाहेर. आता सांगा, लोकशाही वाढली की आटली?

पंचविशीतला मी ताडकन म्हणायचो, "सगळा श्रीमंतांचा डाव!" त्याला आज मी विचारतो, मग गरिबांना आत कशाला घेतलं रे? तो म्हणतो, उरलेल्यांना बाहेर ठेवायला पहारेकरी नकोत का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याचंही मला पुरतं पटत नाही, कारण आत आलेल्या त्या गोऱ्या शेतमजुराला मिळालेलं मत खोटं नव्हतं.

तुम्हाला एका शब्दात हवंय. देणार नाही. चिडायचं तर चिडा.