मलम किती लावायचे, हे शिकवणारे कोणी हवे

१४ सप्टेंबर, रात्री

आज जागतिक ॲटोपिक एक्झिमा दिन होता, म्हणजे त्वचा कोरडी पडून दाह आणि खाज पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या आजाराचा, आणि त्या निमित्ताने त्यावरच्या नव्या औषधांविषयी बरेच काही वाचनात आले. डुपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली, २०२२ मध्ये तिथे या आजारासाठी अब्रोसिटिनिब आणि उपॅडासिटिनिब या गोळ्या आल्या. ज्यांचे अंग वर्षानुवर्षे सोलवटत राहिले, त्यांच्यासाठी ही औषधे फार मोलाची आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही लेकीच्या निमित्ताने त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून जे पाहिले, त्यावरून मला वाटते की बहुतेक मुलांना सर्वांत आधी लागतो तो शांतपणे समजावून सांगणारा कोणीतरी.

फिलाग्रिन हे त्वचेच्या बाहेरच्या थरातले प्रथिन. त्याच्या जनुकातील दोष आणि हा आजार यांचा संबंध २००६ साली स्पष्ट झाला. हा थर कच्चा राहिला की त्वचेतील ओलावा उडून जातो, बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात, दाह होतो, खाज सुटते आणि खाजवल्याने तो थर आणखी फाटतो. एवढे कळले तरी ‘अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, पडू द्या’ म्हणून मुलाला तसेच ठेवणे, किंवा कुणाच्या सांगण्यावरून अंडी, दूध, वांगी सरसकट बंद करणे पुष्कळ कमी होईल.

आम्हाला एका परिचारिकेने दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइड मलमाचे माप हातावर काढून दाखवले : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि ती मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागू शकते. आपल्याकडे मात्र चिठ्ठीवर लहानशी ट्यूब आणि ‘दिवसातून दोनदा’ एवढेच असते. ती ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्या आईला औषध लागू पडत नाही असे वाटले, तर त्यात तिचा काय दोष?

स्टेरॉइडच्या बाबतीत तर दोन्ही टोके दिसतात. काही घरांत भीतीपोटी ते लावलेच जात नाही, तर काही घरांत मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले मलम चेहऱ्यावरसुद्धा महिनोन्‌महिने चोळले जाते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत; पण हा नियम दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचायला हवा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. आपल्या सावळ्या त्वचेवर दाह लाल दिसतोच असे नाही. तो करडा, तपकिरी किंवा जांभळट दिसतो, आणि केवळ लाली शोधणाऱ्या नजरेला आजार असतो त्याहून सौम्य वाटतो. म्हणूनच ‘पोएम’ ही सात प्रश्नांची प्रश्नावली मला आवडते. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, किती रात्री झोप मोडली, हे ती रुग्णालाच विचारते. रात्र रात्र जागणाऱ्या मुलाची शाळाही विस्कटते, आणि तपासणीच्या खोलीत हे क्वचितच निघते.

पुढच्या तपासणीला जाताना या सातही प्रश्नांची उत्तरे आणि दिवसाच्या उजेडात काढलेली छायाचित्रे मी बरोबर नेणार आहे, आणि खाज थांबल्यावर मलम कसे कमी करत आणायचे, हे डॉक्टरांकडून लिहूनच घेणार आहे.