उंची वाढवून सांगितली आणि फुफ्फुसं नापास झाली

जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून डॉक्टरांनी स्पायरोमेट्री करायला लावली, म्हणजे ते नाकाला चिमटा लावून नळीत जीव खाऊन फुंकायचं. फुंकायच्या आधी टेक्निशियनने वय आणि उंची विचारली, मी सवयीने 170 ठोकून दिली, कॉलेजपासून तेवढीच सांगतोय. त्यानेही मोजली नाही. रिपोर्ट आला, एफव्हीसी (छाती भरून घेऊन पूर्ण जोराने बाहेर फुंकलेली एकूण हवा) 79 टक्के. 80 च्या खाली म्हणजे गडबड असं कुठेतरी वाचलं होतं, झालं, दोन रात्री झोप नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग मला वरून खाली बघितलं आणि म्हणाले बूट काढा, भिंतीला टेकून उभे राहा. भरले 165. नवीन उंची टाकून परत हिशोब केला तर 85 टक्के! फुंक तीच, फुफ्फुसं तीच.

भानगड अशी आहे की ते टक्के म्हणजे फुफ्फुसाचे मार्क नसतात. तुमच्या उंचीच्या, वयाच्या निरोगी पुरुषाची किंवा बाईची फुंक साधारण किती असते ते आधी काढतात आणि त्याच्याशी तुमची ताडून बघतात. उंची फुगवली की अपेक्षाही फुगते, आणि ती उंचीपेक्षा जास्त वेगाने फुगते कारण छातीचा पिंजरा उंचीबरोबर रुंद आणि खोलही होतो. 5 सेंटीमीटरच्या थापेने माझे 6 टक्के गेले.

हे उंचीचं गणित जुनं आहे. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने 1846 मध्ये दोन हजारांहून जास्त लोकांना, त्यात खलाशी, पोलीस, मुष्टियोद्धे सगळे आले, स्वतः बनवलेल्या यंत्रात फुंकायला लावलं आणि त्याला दिसलं की उंची एक इंच वाढली की फुंक साधारण 8 घन इंच वाढते, म्हणजे 130 मिली.

आणि वजन? मला वाटायचं धिप्पाड माणसाची फुफ्फुसंही धिप्पाड. तसं काही नसतं. माणूस 60 किलोचा 100 किलो झाला तरी फुफ्फुसं 60 च्या वेळची तीच राहतात. म्हणून तर व्हेंटिलेटरवर एका श्वासाला किती हवा द्यायची ते काट्यावरच्या वजनावरून नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावरून ठरवतात. 165 च्या पुरुषाला ते 61-62 किलो धरतात, मग तो प्रत्यक्षात कितीही भरो. फुफ्फुस खराब झालेल्या पेशंटला किलोला 6 मिलीच्या आसपास देतात, खऱ्या वजनावर दिली तर हवा जास्त होऊन फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

वजन त्रास देतं पण वेगळ्या वाटेने. पोटातली चरबी डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला, खालून वर ढकलते, छातीवरची चरबी बरगड्यांवर बसते. नेहमीचा श्वास सोडल्यावरही आत बरीच हवा शिल्लक असते, मार बसतो तो सगळ्यात आधी त्या शिलकीला. पूर्ण जोर लावून मारलेली फुंक मात्र बरेच दिवस तग धरते, खूपच लठ्ठ झाल्याशिवाय फार पडत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस धापा टाकतोय असं होतं. आडवं झालं की अजून वाईट, कारण पोट सरळ वर सरकतं. आणि चरबी कुठे आहे त्यानेही फरक पडतो, मांड्यांवरची तेवढी नडत नाही जेवढी पोटावरची, आणि माझी अर्थातच सगळी पोटावर.

(दमा वेगळा ओळखू येतो, त्यात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकेच्या मानाने कमी भरते. लठ्ठपणात दोन्ही बरोबरच खाली येतात.)

माझं हे प्रमाण ठीक निघालं, तरी डॉक्टर वजनावरच आले. मी म्हटलं रिपोर्ट तर 85 आहे ना आता. तर म्हणाले, मघाशी बूट काढायला वाकलात तेव्हा श्वास धरून ठेवला होता आणि सरळ झाल्यावर धापा टाकत होतात, ते कुठल्या रिपोर्टमध्ये येतं?