जळगावचं अठरा सीटांचं विमान

एअर डेक्कनचं नाव काढलं की पुण्यामुंबईच्या लोकांना १ रुपयाचं तिकीट आठवतं आणि तो लक्ष्मणांचा कॉमन मॅन. आमच्याकडे त्यातलं काहीच आलं नव्हतं. ती एअर डेक्कन २००३ ची, लष्करातून बाहेर पडून शेती केलेल्या कॅप्टन गोपीनाथांची, तिने सामान्य माणसाला विमानात बसवलं वगैरे सगळं खरं, पण २००७ मध्ये ती किंगफिशरवाल्या विजय मल्ल्याकडे गेली, त्याला परदेशी उड्डाणांचं परमिशन लवकर पाहिजे होतं आणि पाच वर्षं जुनी कंपनी हाताशी असली की ते मिळत होतं, मग रंग बदलला, नाव बदललं, आणि पुढे किंगफिशरसोबत सगळंच बुडालं. तेव्हा जळगावला धड विमानतळच नव्हता. तो झाला २०१२ ला, प्रतिभाताई राष्ट्रपती असताना, उद्घाटनही त्यांच्याच हातून. आणि मग पाचेक वर्षं तिथे पाटी, धावपट्टी, वॉचमन सगळं होतं, फक्त रोजचं विमान नव्हतं.

जळगावला आली ती दुसरी एअर डेक्कन. नाव तेच, माणूसही तोच, बाकी सगळं वेगळं. सरकारची उडान स्कीम आली, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीटांचं भाडं २५०० च्या आसपास बांधून दिलेलं, आणि कंपनीला जो तोटा होईल त्यातला काही भाग तीन वर्षं सरकार भरणार. २३ डिसेंबर २०१७ ला मुंबई-जळगाव सुरू झालं. सुरू व्हायलाच किती महिने गेले कारण मुंबईत स्लॉट मिळेना, म्हणजे विमान आहे, पायलट आहे, प्रवासी आहेत, पण उतरायला वेळ नाही. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरायची, तिथे दीडशे-दोनशे माणसांची विमानं रांगेत उभी असताना अठरा माणसांच्या विमानाला मधे कोण घुसू देणार? एक स्लॉट म्हणजे एक स्लॉट, आत अठरा बसो की एकशे ऐंशी.

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, डाळ मिलवाले, त्या विमानाने जाऊन आले. जाण्याचं काही खास काम नव्हतं, मुलगी ठाण्याला असते एवढंच निमित्त, आणि थैलीत भरताची वांगी. बीचक्राफ्ट १९०० डी, दोन्ही बाजूला एकेक सीट, मधून वाट, त्यामुळे प्रत्येकालाच खिडकी आणि प्रत्येकालाच वाट, भांडण नाही. आबा पुढे बसले होते. "अरे पायलटची पाठ दिसत होती ना भो, सगळे काटे दिसत होते, एक काटा तर सारखा थरथरत होता, मी म्हटलं याला विचारावं का, पण मग वाटलं नको, त्याचं लक्ष जाईल." खाली गिरणेचं कोरडं पात्र, केळीचे हिरवे तुकडे, मग ढग, मग पाऊण-एक तासात मुंबई. वांगी नीट पोचली. पुढचे दोन महिने मिलवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो काटा ऐकावा लागला.

पण आबा पुन्हा नाही गेले, आणि मला मुद्दा हाच मांडायचा आहे. लोक म्हणतात जळगावला पॅसेंजर नाही म्हणून विमानं टिकत नाहीत. हे साफ चूक आहे. सराफ बाजार आहे, पाइपवाले आहेत, चटईवाले आहेत, डाळीवाले आहेत, केळीचे व्यापारी आहेत, अजिंठ्याला जायला हाच जवळचा विमानतळ. पैसा आहे. पण या सगळ्यांची स्पर्धा कशाशी आहे ते बघा ना. रात्री जेवून स्टेशनवर जायचं, अमरावती एक्सप्रेसला चढायचं, झोपायचं, पहाटे सीएसएमटी. सव्वाचारशे किलोमीटर झोपेत संपतात. दिवसभर झवेरी बाजार नाहीतर मंत्रालय उरकायचं आणि रात्रीच्या गाडीने परत, हॉटेलचा खर्च शून्य. याच्यासमोर तुम्ही विमान दुपारी उतरवणार, म्हणजे कामाचा अर्धा दिवस गेला, मुक्काम आला. आणि वर ते विमान उद्या नक्की उडेल का हे कोणी सांगू शकत नसेल तर २५०० काय, फुकट दिलं तरी व्यापारी बसणार नाही. त्याला स्वस्त नको असतं, त्याला नक्की पाहिजे असतं.

आणि छोट्या कंपनीला नक्की देणं जमत नाही, यात लबाडी कोणाची नाही. मोजकी विमानं असतात, एक मेंटेनन्सला गेलं की अख्खं टाइमटेबल कोसळतं. पायलट दोन लागतात, मग मागे अठरा बसलेले असोत नाहीतर सत्तर. दोघांचा पगार अठरा तिकिटांतून काढायचा. उडानमध्ये इंधनावरचा व्हॅट राज्याने १ टक्क्यावर आणला होता, तरी हिशोब बसत नाही. कधी चालू कधी बंद करत जळगावचं विमान थांबलं, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनात कंपनीच थांबली.

मधे २०१९ च्या सप्टेंबरपासून ट्रुजेट आलं होतं, ७० सीटांचं एटीआर, मुंबई आणि अहमदाबाद. त्यात जरा जम बसतोय असं वाटत होतं तोवर लॉकडाऊन. २०२२ च्या फेब्रुवारीत तेही बंद. मग २०२४ मध्ये फ्लाय ९१ आलं, गोवा, हैदराबाद, पुणे, आणि मुंबईला अलायन्स एअर. पुण्याचं विमान मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण पुण्याला जळगावहून रेल्वेने जाणं म्हणजे मनमाडमार्गे वळसा, आणि ट्रॅव्हल्सने रात्रभर कंबर मोडून घ्यायची. जिथे रेल्वे कमी पडते तिथेच छोटं विमान टिकेल, मुंबईला नाही, हे माझं मत, पटत नसेल तर सांगा.

मामेभाऊ पुण्याला आयटीत आहे, तो हल्ली विमानानेच येतो. तिकीट काढलं की ट्रॅव्हल्सच्या माणसाला फोन करतो, भाऊ एक स्लीपर धरून ठेव, उडालो की कळवतो.