काम चालू असताना दार उघडू नये: आमच्या गॅरेजची वाटचाल

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर खडूने एक ओळ लिहिलेली आहे: 'काम चालू असताना दार उघडू नये.' कामाला नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी विचारतो, कुठलं दार? त्याला गाडीचं दार दाखवायचं आणि मग ही गोष्ट सांगायची.

मी आणि धाकटा भाऊ, दोघांनी मिळून सुरुवात केली ती ब्रेक आणि क्लचच्या कामावर. पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दाबून धरणारे ब्रेकचे घासगट्टे, बदलणं हातात बसलेलं होतं. चाक काढा, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबा, नवे पॅड बसवा, पेडल चार वेळा दाबा, गाडी बाहेर. मग एक दिवस टोयोटाची दुसऱ्या पिढीची प्रियस आली. जपानमध्ये प्रियस १९९७ मध्येच विक्रीला आली होती, आमच्या दारात मात्र ती पहिलीच हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. आम्ही तिचंही काम नेहमीसारखंच केलं.

पिस्टन मागे दाबलेले होते आणि कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरून ठेवणारा भाग) तारेने बांधलेला होता, तेवढ्यात गाडीच्या मालकांनी कागद घ्यायला ड्रायव्हरचं दार उघडलं. बोनेटखाली पंप घुरघुरला. आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. पॅड बसवून गाडी चालू केली, पेडल दाबलं, तर ते खोल गेलं आणि ब्रेक, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असे सगळे दिवे एकदम लागले. "दादा, ब्रेक लागतोय ना?" मालकांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुठेतरी हवा शिरली असेल असं समजून रात्री उशिरापर्यंत जुन्या पद्धतीने एअर, म्हणजे ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा, काढत बसलो आणि दुखणं वाढवून ठेवलं. या गाडीत पेडल आणि चाक यांच्यामध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो. प्रेशर तयार करतो तो पंप, व्हॉल्व्ह ते चाकांना वाटतात, आणि पायाला लागतो तो दाब बराचसा नकली असतो. दार उघडलं की गाडी चालू होणार असं समजून ही यंत्रणा जागी होते. पिस्टन मागे गेलेले असले की पहिल्या दाबाला नेहमीपेक्षा जास्त ब्रेकचं तेल जातं आणि कॉम्प्युटर त्याला गळती समजतो. एअरसुद्धा स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने, व्हॉल्व्ह उघडून काढावी लागते. दुसऱ्या दिवशी स्कॅनर मागून आणला, एअर काढली, कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसले, व्हॉल्व्हची शिकवणी नव्याने करून घेतली, तेव्हा दिवे गेले. चूक आमची होती हे मालकांना सांगितलं आणि मजुरी घेतली नाही. गॅरेजचा बोर्ड रंगवायला ठेवलेले पैसे त्याच महिन्यात स्कॅनरमध्ये घातले.

आता क्रम ठरलेला आहे. किल्ली गाडीपासून लांब. बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर काढायची आणि काही मिनिटं थांबायचं, कारण ब्रेकसाठी राखीव वीज कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) उरलेली असते. (त्या प्रियसमध्ये ही बॅटरी डिकीत आहे आणि डिकी विजेवर उघडते, म्हणून ती लॉक होऊ द्यायची नाही.) ब्रेकच्या तेलाची टाकी भरलेली असेल तर पिस्टन दाबण्याआधी थोडं तेल काढून घ्यायचं. काम झाल्यावर पॉवर बंद असतानाच पेडल हलक्या पायाने बऱ्याचदा दाबून पुढचे पॅड डिस्कला टेकवायचे. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी ती सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या स्थितीत, टाकायची. तिथे पिस्टनवर जबरदस्ती केली की मोटर जाते.

खरा वेळ जातो तो दुसऱ्याच तक्रारीत: "पॅड नवे आहेत, तरी ब्रेक आवाज करतो, एका बाजूला ओढतो." हायब्रिडमध्ये हलका ब्रेक मोटरच लावते, ती जनरेटर होऊन बॅटरी भरते आणि पॅड डिस्कला जेमतेम लागतात. पॅड वर्षानुवर्षं टिकतात खरे, पण कॅलिपर न हलता गंजतो. एका गाडीची स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन, पकडीत धरून पिळून काढावी लागली होती. ग्रीस सुकून तपकिरी भुकटी झालेली, आतला पॅड पार झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. तिथे नुसते पॅड बदलून भागत नाही. पिन साफ करून नवं ग्रीस, क्लिपखालचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढणं, हे करायलाच हवं. नाही तर नवा पॅड महिनाभरात अडकतो.

नवे पॅड डिस्कवर बसतही नाहीत, कारण ते घासलेच जात नाहीत. म्हणून ट्रायलला मोकळा रस्ता निवडतो, न्यूट्रल टाकतो आणि मग ब्रेक लावतो. न्यूट्रलमध्ये मोटर मदत करत नाही, सगळं काम पॅडच करतात. ओढणं, आवाज, पेडलची थरथर, जे असेल ते तिथेच कळतं.

एक काम आम्ही घेत नाही. गाडी उभी, पेडलला पाय नाही, आणि तरी पंप दर थोड्या वेळाने चालू होत असेल, तर बहुतेक वेळा ब्रेक अ‍ॅक्च्युएटर (प्रेशर वाटणारे व्हॉल्व्ह असलेला भाग) आतून गळत असतो. तेव्हा पॅडला हात लावण्याआधीच मालकांना बोनेटजवळ उभं करतो आणि तो आवाज ऐकवतो.